मानगुटीवरचा हात

शिवणवाल्या बाईचं कोपर पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या तोंडावर असं बसलं, की पुढचा दात ओठात घुसला. पाणी लाल झालं. तेवढ्यावर थांबेल तर ती कसली! तिने त्यांचा गळा धरला, नखं रुतवली आणि किंचाळत त्यांचं डोकं तलावाच्या भिंतीवर आपटलं. नवशिक्या तुकडीतल्या बाकीच्या बाया काठाला घोरपडीसारख्या चिकटल्या. सोडवायला पंपवाल्याला कपड्यांनिशी उडी मारावी लागली.

मास्तरांनी केलं काय होतं? बावीस वर्षं करत आले तेच. क्रॉल, म्हणजे पालथं पडून हात मारत पोहणं, शिकायचं तर तोंड पाण्यात गेलंच पाहिजे. जात नसेल, तर मास्तर मानगूट धरून दाबायचे आणि तीनपर्यंत मोजून सोडायचे. रडणारे रडले, पण शिकले सगळे. मास्तरांना याचा भारी अभिमान.

"जीव घेता का बाई माझा?" ओठावर रुमाल दाबत ते कडाडले. "पाण्याला एवढं भ्यायचं?"

"पाण्याला नाही भीत," काठावर बसून ती म्हणाली. "नवरा असंच धरायचा. पिंपात बुडवायचा नि मोजायचा. एकदा चाळीसपर्यंत मोजलं. मेला गेल्या वर्षी, सुटले. पण अजून तोंड धुवायला गेलं की श्वास कोंडतो, ओल्या फडक्याने पुसते. एकदा तोंड पाण्यात घालायचंय मला. माझं मी. म्हणून आले इथे."

त्या दिवशी मास्तरांना जेवण गेलं नाही. ओठाला घातलेले टाके दुखतात, असं त्यांनी बायकोला सांगितलं. खरं तर उजवा हात ताटाकडे नेताना त्यांना त्या हाताचीच किळस येत होती.

दुसऱ्या सकाळी ती येणार नाही असं सगळ्यांना वाटलं. आली.

"आज तुम्ही माझी मान दाबा," छातीभर पाण्यात उभे राहून मास्तर म्हणाले. "तीन मोजा. नाहीच सोसलं, तर मी भिंतीवर थाप मारेन."

"वेड लागलंय का मास्तर?"

"दाबा म्हणतो ना!"

तिने दाबली. एक. दोन. तीन. हात हलला नाही. नखं कालच्याच जखमांत रुतली. चार, पाच... पाण्याखाली तिचा आवाज दुरून आल्यासारखा येत होता. विसाला छाती जळू लागली. तिसाला पाय आपोआप झाडले गेले, एक टाका तुटला. भिंत हाताशी होती. मास्तरांनी थाप मारली नाही.

"सोड गं, मरेल तो!" बाया ओरडत होत्या.

"चाळीस," ती म्हणाली आणि हात काढला.

मास्तर उसळून वर आले. खोकले, भडाभडा ओकले. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"थाप का नाही मारली?" तिने विचारलं.

"विसरलो," मास्तर खोटं बोलले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी काठ धरला, मोठा श्वास घेतला आणि तोंड पाण्यात घातलं. कोणी मोजलं नाही. मास्तर चार हात लांब उभे होते, आपला उजवा हात पाठीमागे डाव्या हातात घट्ट धरून.