वाडीचा होकार

तोंडवलीजवळच्या एका वाडीत आठ दिवस रापणीला मासे लागले नव्हते. रापण म्हणजे वाडीचं सामाईक जाळं. चाळीसजण किनाऱ्यावरून दोर ओढतात आणि मासे वाटून घेतात.

त्यांतल्या महादूने मंगळवारी रात्री समुद्रात झगमगाट पाहिला. कोणीतरी होडीवर दिवे लावून मासे ओढत होतं. बुधवारी चहाच्या टपरीवर ती होडी मुसलमानवाडीतली ठरली, शुक्रवारी इद्रीसची. इद्रीस बावीस वर्षं हाच दोर ओढत होता. त्याची होडी पंधरा दिवस सुताराकडे उपडी पडली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. दोरावर त्याच्या पुढे असणाऱ्या सिद्धेशने तर ती खांदा लावून पोचवली होती.

रविवारी रापणीचा म्होरक्या बाबली याने दर्याला नारळ देऊन गाऱ्हाणं घातलं. "ज्या कोणी दिवे लावून आमचे मासे पळवल्यान, तेका ह्या दोराक हात लावूक गावूचो नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. गाऱ्हाण्याला दुसरं उत्तर नसतं. ते देताना ऐकावंही लागत नाही.

नारळाचे तुकडे वाटून झाल्यावर बाबली म्हणाला, "इद्रीस, उद्यापासून येव नको."

"अरे, माझी होडी सुताराकडे आसा. तळाक भोक आसा. महादू, तू माझी होडी बघलंस?"

"मी उजेड बघलंय. कोणाचो, ता माका काय म्हायत?"

"मगे?"

"तुझां खरां आसा रे," बाबली समजुतीने म्हणाला. "पण सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी. तू पण म्हटलंस. माझ्या बाजूकच उभो होतंस."

इद्रीसने म्हटलं होतं. दर वर्षी म्हणायचा.

चाळीसांतला एकही जण खोटं बोलला नव्हता. त्यामुळे कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

सोमवारी सकाळी इद्रीस आला आणि नेहमीच्या जागी त्याने दोर धरला. पुढे सिद्धेश होता. त्याने हात सोडला. तो सोडतोय हे पाहून ओंकारने सोडला, ओंकारला पाहून पलीकडच्यांनी. का सोडायचा, हे कोणी विचारलं नाही. जाळ्यात आठ दिवसांनी बांगडा आला होता. एकट्या इद्रीसच्या तळव्यांची सालं काढत दोर समुद्राकडे सरकला, जाळं सैल पडलं आणि बांगडा निघून गेला.

"बघलास?" बाबली म्हणाला. "ह्येच्यामुळे गेले."

या वेळी ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.