दुसऱ्या सिस्टरची जागा

"हे वाक्य काढा." अमरसिंह साहेबांनी मसुद्यावर तांबडी रेघ ओढली. "तोंडी आदेश म्हणे. दिला कुणी? तुमचं नाव घालू का, कृष्णात?"

कृष्णातनं मसुदा परत घेतला. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात कारकुनी करून त्याचे केस पिकले होते, निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

प्रश्न विधानसभेतला होता. कुरुंदवाडकडच्या एका उपकेंद्राला भरदुपारी कुलूप होतं, एक बाई बाहेरच्या कट्ट्यावरच बाळंत झाली आणि मूल दगावलं, हे खरं आहे काय? तिथली दुसऱ्या सिस्टरची जागा चार वर्षं रिकामी आहे, ती केव्हा भरणार? असं आमदारांनी विचारलं होतं. चारच्या आत उत्तर जिल्ह्याला आणि तिथून मुंबईला जायचं होतं.

कुलूप का होतं, हे कृष्णातइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या दिवशी तालुक्याला शिबिर होतं. मोठे पाहुणे यायचे होते. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून साहेबांनी सगळ्या सिस्टरना बोलावलं आणि फोन लावले ते कृष्णातनं. एकीचे दिवस भरलेत, मला सोडा, असं त्या उपकेंद्राची एकुलती सिस्टर अक्काताई काकुळतीला येऊन म्हणत होती. त्यानंच तिला दरडावलं होतं. ती आली आणि पाच तास खुर्चीवर बसून राहिली.

आमदारांकडे गेली तीही अक्काताईच. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण तिथं दुसरी सिस्टर द्या, एवढंच मागून आली. विश्वासानं सांगितलं ते एकट्या कृष्णातला.

एकादशीला कीर्तनात टाळ धरून बुवांच्या मागं उभा राहणारा माणूस हा. निरूपणात कुणा निरपराधावर आळ आला, की सगळ्यांच्या आधी याचे डोळे भरायचे. त्या दुपारी मात्र ते कोरडे राहिले. उपकेंद्राच्या आरोग्यसेविका विनापरवानगी गैरहजर होत्या, त्यांना निलंबित करण्यात आले आहे, असं त्यानं टाइप केलं. जागा केव्हा भरणार, याच्यापुढं साहेबांनी सांगितलं तेच लिहिलं: प्रश्न उद्भवत नाही. बोटांना हे शब्द पाठच होते. चारला पाच मिनिटं कमी असताना मेल गेला.

तिसऱ्या दिवशी अक्काताई निलंबनाचा आदेश घ्यायला आली. चष्मा लावून तिनं सही करून पोच दिली. कार्यालयाचं पेन गळकं, बोट निळं झालं.

"पोलिओला पोरांच्या बोटाला शाई लावत हयात गेली," ती हसली. "आज माझी पाळी."

कृष्णातनं पोच फायलीला लावली.

"दादा, दुसरी सिस्टर देतो म्हणून लिवलंय न्हवं?"

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. नसतं, तरी तो दुसरं काही बोलला असता का, कुणास ठाऊक.

"व्हय," तो म्हणाला.

"मग झालं की." तिनं पिशवीतून वहीचं एक पान काढलं. "या महिन्यात दिवस भरणाऱ्या बायका हायत. नव्या सिस्टरला हातात द्या. अंबूबाईच्या सुनंला रक्त कमी हाय, तेवढं तोंडानं सांगा. निघतो मी, यष्टी चुकंल."

ती जिना उतरून गेली. पानावर सात नावं होती, प्रत्येकीसमोर तारीख. पहिली तारीख परवाची होती.