आतलं तू बघ, बाहेरचं मी

घरमालकाने घर विकलं आणि महिनाअखेर जागा मोकळी करा म्हणून सांगितलं, तेव्हापासून बापलेकीच्या पायाला भिंगरी लागली होती. लेक दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. कवळ्या घडवायच्या आणि शहरभरच्या दवाखान्यांत नेऊन पोचवायच्या, दोन्ही तिच्याच गळ्यात. गाडी स्वतःची असेल तरच नोकरी, हे साहेबाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. म्हणजे घर शोधायचं ते नुसतं माणसांपुरतं नव्हे, गाडीपुरतंही. स्वस्त इमारतींना आवार नसतं, गाडी रस्त्यावरच लावावी लागते. आणि या शहरात एक वेळ माणूस कुठेतरी अंग टाकेल, पण गाडीला चार चाकं टेकवायला जागा मिळणं म्हणजे नशीबच.

वडिलांनी उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवला होता. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. अजूनही लेक चालवत असली की शेजारच्या सीटवर त्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत असायचा. आता मात्र गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. फुटपाथवर चढायचं तरी ते आधी गाडीच्या दाराला धरून दम खात. आई गेल्यापासून घरात दोघंच. लेकीने ठरवूनच टाकलं होतं: घर तळमजल्यावर हवं, नाहीतर लिफ्टचं. भाडं परवडलं नाही तर संध्याकाळी आणखी कुठे काम धरू, पण बाबांना जिना नको.

शोधायची पद्धत आपोआप पडून गेली. घर बघायला जावं तर गाडी लावायला जागा नाही. मग ती कुणाच्या तरी फाटकासमोर गाडी वाकडीतिकडी उभी करायची आणि मास्तर आत बसून राहायचे. गाडीत माणूस असला की उचलून नेत नाहीत.

"आतलं तू बघ, बाहेरचं मी बघतो," ते म्हणायचे. ती एजंटामागून घरात शिरायची, आणि हे काच खाली करून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलतं करायचे. रात्री गाडी लावू देतात का, पोलीस येतात का, शेजारी भांडकुदळ आहेत का. ती परत येईपर्यंत निकाल तयार असायचा.

शाळेमागच्या गल्लीतलं तळमजल्याचं घर तिला मनापासून आवडलं होतं. दोन लहान खोल्या, दाराशी एकही पायरी नाही, आणि न्हाणीघरात धरून उठायला भिंतीत दांडा. भाडं तिच्या पगाराबाहेरचं होतं, पण मनातल्या मनात तिने संध्याकाळचं काम धरूनसुद्धा टाकलं. बाहेर आली तर मास्तर मान हलवत बसलेले.

"जमायचं नाही. रात्री इथे लावू देत नाहीत."

"कोण म्हणालं?"

"तो समोरचा दुकानदार. गाडी उचलून नेली तर नोकरी घालवून बसशील."

लिफ्टच्या इमारतीपुढे गाडी लावायला म्हणे परवाना लागायचा, आणि परवान्याला भली मोठी रांग. बेकरीजवळच्या घरापुढे पहाटे टेम्पो उभे राहायचे आणि आरसे तोडून जायचे. तिने एकदाही खातरजमा केली नाही. ज्याने आपल्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं, त्याच्यावर रस्त्याच्या बाबतीत काय संशय घ्यायचा?

महिना संपत आला तेव्हा एजंटाने चौथ्या मजल्यावरची एक खोली दाखवली. त्याच्या तोंडात सगळीच घरं प्रशस्त असायची, हीसुद्धा होती. लिफ्ट नाही, जिना अरुंद, भाडं मात्र तिच्या पगारात आरामात बसणारं. नावापुरतं बघून ती खाली आली, तर मास्तर एकदम खुशीत.

"रस्ता बघ केवढा रुंद आहे. कुठेही लाव, कुणी हटकत नाही. घेऊन टाक."

"बाबा, चौथा मजला आहे."

"मग? मला रोज कुठे खाली उतरायचंय? एकदा चढलो की चढलो."

तिला हसू आलं. हातात दुसरं काहीच नव्हतं. तिने आगाऊ भाडं भरून टाकलं.

त्याच आठवड्यात शाळेमागच्या दवाखान्यात कवळी पोचवायची होती. गल्लीत गाडी लावताना तिने समोरच्या दुकानदाराला सहज विचारलं, "इथे रात्री लावू देत नाहीत ना?"

"कोण म्हणतं? आम्ही सगळे इथेच लावतो," तो म्हणाला. "तुमच्याबरोबर एक वयस्कर गृहस्थ होते ना गाडीत? त्यांनाही मी हेच सांगितलं होतं."

तळमजल्याच्या त्या खिडकीत आता कुणाच्या तरी बाळाचे कपडे वाळत होते. बाकीच्या गल्ल्यांत जाऊन विचारायची तिला गरजच उरली नाही.

घरी मास्तर खोकी बांधत होते. त्यांचे कपडे वेगळ्या बॅगेत भरलेले होते.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"हो," ते म्हणाले. सुतळीची गाठ मारून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. "आत्याला फोन केलाय. तिचं घर बैठं आहे."

"आत्याचं आणि तुमचं एक दिवस पटत नाही."

"भांडायला आता दोघांत दम कुठे आहे? पटेल."

"मला विचारायचं तरी होतं, बाबा."

"विचारलं असतं तर तू तळमजला घेतला असतास. दिवसभर कवळ्या, संध्याकाळी आणखी कुठेतरी. तुझ्या आईनेही हेच केलं, माझा धंदा बसला तेव्हा. भाजी चिरता चिरता डोळा लागायचा तिचा. मी बघत होतो, आणि बघत राहिलो." त्यांनी पुढचं खोकं ओढलं. "पुन्हा नाही बघायचं मला."

तिला भयंकर राग आला. किती ओझं उचलायचं ते मी ठरवणार, तुम्ही कोण, असं तिला ओरडायचं होतं. पण ती खोक्यावर बसून लहान मुलीसारखी रडली. जागा परवा सोडायची होती आणि दुसरं आगाऊ भाडं भरायला पैसे नव्हते. मास्तरांनी सगळं वेळ बघून केलं होतं.

सामान हललं त्या दिवशी, आत्याकडे जाणारी बस पकडायच्या आधी, ते म्हणाले, "एकदा वर येऊन बघतो." तिने खूप नको म्हटलं. कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत ते चढले. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची दिली. वर पोचले तेव्हा सदरा घामाने चिंब झाला होता.

सगळ्या शोधात त्यांनी आतून पाहिलेलं हे एकच घर. त्यांनी नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी लावून पाहिली, भिंतीला ओल आहे का ते तळहाताने चाचपलं.

"उजेड चांगला आहे," ते म्हणाले. "पलंग या बाजूला लाव. तिकडून वारा येईल."

मग ते खोक्यावर बसले. जोवर ते बसलेले आहेत तोवर ते इथेच राहतात, असं तिच्या मनात आलं, आणि ती दाराशी उभी राहून त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

"चल," शेवटी त्यांनी हात पुढे केला. "उतरव मला. उतरताना जास्त दुखतं."

ती त्यांच्यापुढे एक पायरी खाली उभी राहिली, त्यांचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर घेतले, आणि जितकं हळू उतरता येईल तितकं हळू उतरू लागली.