दोन्हीकडून दिसणारा फोल्डर

मी एक जुना फोल्डर आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. या गोष्टीत नाक मुरडायचा हक्क फक्त माझा आहे आणि तो मी भरपूर वापरणार आहे.

मंठ्याला स्टँडसमोर कल्याणचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीची कार्डं, सगळं तिथे तयार होतं. माझा जन्म तिथलाच. कल्याण मराठी टाईप करतो ते एका जुन्या प्रोग्रामवर, आणि त्याची बोटं त्यालाच सरावलेली. पुढे दुकानात नवा कॉम्प्युटर आला. त्याने त्या जुन्या प्रोग्रामला दारातसुद्धा उभं केलं नाही. मग जालन्याहून धर्मराजला बोलावलं. हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर बसवला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. टेबलावर डबा एकच, पण पडद्यावर एक खिडकी उघडली की आतमध्ये जुन्या काळचा कॉम्प्युटर चालू होतो आणि त्यात कल्याणचा लाडका प्रोग्राम हात जोडून हजर असतो.

आता आत टाईप केलेलं बाहेर कसं आणायचं? त्यासाठी धर्मराजने मला बनवलं. मी आतल्या कॉम्प्युटरलाही दिसतो आणि बाहेरच्यालाही. भिंतीतल्या एकाच फडताळाला दोन खोल्यांतून दारं असावीत, तसा. पहिल्या दिवशी मी इतका स्वच्छ होतो की काय सांगू! कल्याणने आतून एक पत्रिका ठेवली, ती बाहेर दिसली, आणि तो म्हणाला, "वा, एक नंबर काम झालं." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच.

त्यानंतर जे सुरू झालं त्याची मला आजही शिसारी येते. ज्याला शेजारची गल्ली ओळखत नाही अशा माणसाचा दरवाजाएवढा फोटो, त्याचे गाल घासूनपुसून गोरे केलेले, आणि भोवती शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रास. तो फोटो एकदा नाही, दहादा. एका फाईलचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल नवीन', तिसरीचं 'एकदम फायनल', आणि चौथीचं 'हीच घ्या'. घ्यायची असायची पाचवी. कुणाच्या मयताचं कार्ड कुणाच्या बारशाच्या कार्डाला चिकटून पडलेलं. प्रोग्राम मध्येच बंद पडला की त्याच्या अर्धवट फायलींची घाण माझ्यातच राहायची. इतक्या वर्षांत कुणी एकदा झाडून काढलं असेल तर शपथ! दुकानाला रोज सकाळी झाडू लागायचा, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं जायचं, उदबत्ती लागायची. मी मात्र उकिरडा.

घाणीची सवय होते, मित्रांनो. पण कल्याणच्या दोन खोडी होत्या, त्यांची सवय मला कधी झाली नाही. पहिली खोड म्हणजे घरी जाताना तो आतला कॉम्प्युटर नीट बंद करायचा नाही. चालू व्हायला त्याला वेळ लागतो म्हणून कल्याण त्याला आहे तसाच झोपवायचा, फायली उघड्या ठेवून. असा झोपवलेला कॉम्प्युटर सकाळी उठला की त्याला वाटतं आपण नुसती पापणी लववली. मधल्या वेळात बाहेर काय झालं, हे त्याच्या गावीही नसतं.

दुसरी खरं तर खोड नव्हती, समजूत होती, आणि ती फार वाईट होती. फाईल आतही दिसते आणि बाहेरही दिसते, म्हणजे फायली दोन झाल्या, असं कल्याणला वाटायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "जपून ठेवलंय ना?" तर हा छाती काढून सांगायचा, "बिलकुल टेन्शन घेऊ नका. दोन्ही कॉम्प्युटरमदी हाये." फाईल एकच, आणि तीही माझ्याच पोटात. ऐकून माझ्या अंगावर शहारे यायचे.

अशा या माझ्या पोटात एक दिवस बेबीनंदाबाईंची गाणी आली.

बेबीनंदाबाई वाटूरच्या. सगळा जन्म दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात आणि कापूस वेचण्यात गेला. पण जयंती असो, लग्न असो, बाळाचं नाव ठेवायचं असो, गाणं त्यांचंच. बाबासाहेबांवर, शाळेत निघालेल्या पोरींवर, रानातल्या बायांवर त्यांनी जागच्या जागी गाणी रचली. कुणी उतरवून घेतली नाहीत. त्यांची लेक प्रियदर्शनी मंठ्याला शिक्षिका आहे. तिने ठरवलं की या जयंतीला वाटूरच्या विहारात मायचं पुस्तक निघालं पाहिजे. ती मायला घेऊन दुकानात यायची. माय स्टुलावर बसून गाणं म्हणायची, कल्याण ते ऐकत तसंच टाईप करायचा. काम झालं की छापील कागद निघायचे, ते प्रियदर्शनी तपासायला घरी न्यायची.

मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही. पण ती फाईल माझ्यात आली आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपल्यात काहीतरी ठेवण्यासारखं आहे. फ्लेक्सवरची मुंडकी तिच्या शेजारी बसली होती, याची तेवढी लाज वाटायची.

शेवटच्या दिवशी काम संपत आलं होतं. बेबीनंदाबाई उठता उठता परत बसल्या.

"नंदीचं राहिलं," त्या म्हणाल्या.

नंदाबाई म्हणजे त्यांची खुरपणीची जोडीदारीण. जन्मभर दोघी एका ओळीत खुरपल्या. गेल्या साली नंदाबाई गेल्या, आणि तेव्हापासून बेबीनंदाबाईंना त्यांच्यावर एक शब्द सुचला नव्हता.

"माय, उद्या बघू का?" लेक म्हणाली.

"उद्याचं कुणाला ठावं? आता येऊन राह्यलंय, तर येऊ दे."

आणि आलं. डोळे मिटून त्या म्हणत गेल्या, कल्याणची बोटं चालत गेली. दुकानात झेरॉक्सला आलेली माणसंसुद्धा थांबून ऐकत राहिली. गाणं संपलं तेव्हा बेबीनंदाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "फिटलं नंदीचं."

नेमकी प्रिंटरची शाई संपली होती. कल्याण म्हणाला, "मावशी, कागद सकाळी काढतो. घाबरू नका, दोन्ही कॉम्प्युटरमदी हाये." मग फाईल उघडी ठेवूनच त्याने आतल्या कॉम्प्युटरला झोपवलं आणि तो घरी गेला.

तो गेल्यावर अक्षता खुर्चीवर बसली. दुकानातली पानं लावायचं काम तिचं, आणि ती बाहेरच्या कॉम्प्युटरवर, त्याच फायली उघडणाऱ्या नव्या प्रोग्रामवर काम करते. तिने माझं बाहेरचं दार उघडलं, तीच फाईल घेतली, पुस्तकाच्या मापाची पानं लावली आणि सेव्ह केली. तिचं काही चुकलं नाही. आत कुणी ती फाईल हातात धरून झोपलं आहे, हे तिला दिसणार तरी कसं?

सकाळी कल्याणने आतल्याला उठवलं. तो उठला तो कालच्याच संध्याकाळी. त्याच्या लेखी अक्षता आलीच नव्हती. कल्याणने कुठेतरी एक स्वल्पविराम दिला आणि सेव्हचं बटण दाबलं. आतल्याने आपल्या डोक्यातले कालचे तुकडे अक्षताच्या नव्या पानांवर आपटले. वरणात पिठलं ओतावं, तशी गत झाली. काही तुकडे याचे, काही तिचे, आणि मधलं सगळं चिरडलेलं. हे सगळं माझ्या पोटात झालं. मला ओकारी येत होती आणि ओकायला तोंड नव्हतं.

फाईल उघडेना. कल्याण हसला. "बाहेर दुसरी हाये ना!" म्हणत त्याने माझं बाहेरचं दार उघडलं. तिथेही मीच आणि पोटात तीच. त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

मग उपायांची जत्रा भरली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फॉन्ट पुसले, परत टाकले. व्हायरस शोधला, तो सापडला एका फ्लेक्सच्या फाईलमध्ये, त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. शेवटी जालन्याहून धर्मराज आला. आल्या आल्या त्याने लाईटच्या नावाने बोटं मोडली. मग फाईल दुरुस्त करणारा एक प्रोग्राम चालवला. त्याने सगळी फाईल चघळली आणि पडद्यावर लिहिलं, 'दुरुस्ती यशस्वी'. उघडली तर ओळीच्या ओळी नुसते चौकोन. मित्रांनो, मी आयुष्यात खूप घाण पाहिली. पण त्या 'यशस्वी'इतकी किळस मला कशाचीच आली नाही.

धर्मराजने मग डोकं चालवलं. त्याने एक चाचणीची फाईल केली. ती आत उघडली, आतल्याला झोपवलं, बाहेरून बदलली, आतल्याला उठवून सेव्ह केली. तीही मोडली.

"दादा, फाईल उघडी ठेवून झोपवता का याला?"

"रोजच. चालू व्हायला लई टाईम घेतं ना."

"अन् अक्षता, तू बाहेरून तीच फाईल उघडतीस?"

"हौ. दादा गेले की."

"मंग मोडनारच. रोज मोडली न्हाई हेच नवल. बॅकअप कुठं हाये?"

"हाये की. आत एक, बाहेर एक."

धर्मराजने कपाळावर हात मारला. "अहो, दोन न्हाईत त्या! एकच हाये. दारं दोन हायेत."

अक्षता रडायला लागली.

बाकीची गाणी वाचली. त्यांचे छापील कागद प्रियदर्शनीच्या घरी होते, ते बघून कल्याणने सगळं परत टाईप केलं. कागद नव्हता तो फक्त नंदाबाईंच्या गाण्याचा. म्हणून बेबीनंदाबाईंना पुन्हा बोलावलं. त्या त्याच स्टुलावर बसल्या, त्यांनी डोळे मिटले.

"माय, पहिली ओळ तरी?" प्रियदर्शनी म्हणाली.

"न्हाई गं. आल्तं अन् गेलं." मग त्या कल्याणकडे वळल्या. "बाबा, तू तर लिवलं होतंस. तुला काही ठावं असंल."

कल्याणने मान खाली घातली. "मावशी, मी टाईप करताना वाचत न्हाई."

त्याला टाईप करताना वाचावं लागत नाही, हे त्याचं कसब. गिऱ्हाइकं त्याची वाहवा करायची त्याबद्दल. त्या दिवशी मला त्या कसबाचा तिटकारा आला. ते गाणं त्याच्या कानातून बोटांत गेलं, बोटांतून माझ्यात आलं, आणि वाटेत कुठेच थांबलं नाही.

"दुसरं रचू या तिच्यावर," लेक म्हणाली.

"दुसरं कशाला?" बेबीनंदाबाई उठल्या. "ते तिचं होतं. फिटलं म्हणलं होतं मी, न्हाई फिटलं. नाव टाका नंदीचं, अन् खाली कोरं राहू द्या."

जयंतीला पुस्तक निघालं. टाळ्या वाजल्या म्हणे. मी तिथे नव्हतो, मी इथेच या घाणीत आहे.

तर मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी, शाळेत, दुकानात असेल, तर दोन दारं दिसली म्हणून वस्तू दोन झाल्या असं समजू नका. एका दारातून माणूस आत असताना दुसऱ्या दारातून हात घालू नका. घरी जाताना आतल्याला नीट निरोप देऊन बंद करा. आणि जे परत म्हणता येणार नाही, ते माझ्या भरवशावर एक रात्रसुद्धा ठेवू नका. मी कळवळून सांगतो आहे, रागावूनही सांगतो आहे.

कल्याण आता सुधारला आहे. रोज संध्याकाळी पुस्तकाच्या फाईलची प्रत काढतो. एक पेनड्राईव्हवर, एक घरच्या लॅपटॉपवर, एक प्रियदर्शनीला मेलने. त्या फाईलचं शेवटचं पान मी रोज बघतो. वर नंदाबाईंचं नाव आहे, खाली काही नाही. तेवढं 'काही नाही' आता माझ्यासकट चार ठिकाणी जपून ठेवलेलं आहे.