एका स्पीकरवर

बारकीला स्टुडिओतली ती खुर्ची हवी होती. त्या वर्षी तिला दुसरं काहीही नको होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल पोरीला वेड लागलं होतं. लागलंच होतं, पण त्या खुर्चीचं. झालं असं की शहरातल्या एका स्टुडिओवाल्याने जाहीर केलं, नवीन पोरांची हिप-हॉप गाणी मी ऐकणार आणि त्यातलं बीट, म्हणजे शब्दांखालचा ताल, करणारं एक माणूस हाताखाली घेणार. पगार, खुर्ची, समोर मोठा कॉम्प्युटर, आणि दोन्ही बाजूंना खरेखुरे स्पीकर.

बारकी तेव्हा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. पुढे मालक गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवून "छान दिसतंय" म्हणायचा आणि मागे ही मशीनला काच लावून ती फ्रेमच्या मापाची करायची. ते मशीन दिवसभर किंचाळायचं, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं. जो तो तिला सांगायचा, अगं या मशीनचा आवाज घे ना गाण्यात, भारी वाटेल. तिने एकदा घेतला. मशीनसारखाच वाटला.

बीट्स करायला ती रोज संध्याकाळी मावशीकडे जायची, कारण कॉम्प्युटर मावसभावाचा होता. त्याला ती दादा म्हणायची. दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा, टायरच्या दुकानात कामाला, आणि रॅप करायचा. त्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं वणवा. मावशीने ते लगेच उचललं. गॅसवर दूध ठेवलं की आतून हाक यायची, "वणव्या, जरा गॅस बारीक कर." बीट्स करायचं सॉफ्टवेअर खरं तर दादानेच टाकलं होतं, पण दोन दिवस त्यात डोकं घातलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, हे शिवणकामासारखं किचकट आहे, तूच बघ.

तर बारकीने बघितलं. आणि कसं बघितलं म्हणता! स्क्रीनवर एका ओळीत सोळा चौकोन, जो दाबाल तिथे आवाज वाजणार. एक ओळ किकची, म्हणजे छातीवर बसणारा धप्प. एक स्नेअरची, ती फाटकन कानाखाली बसते तशी. एक हाय-हॅटची, नुसतं च्-च्-च्. सोपं वाटतं ना? तिलाही वाटलं होतं. पहिली बीट वाजली तेव्हा मावशी हात पुसत बाहेर आली आणि तिने विचारलं, काय पडलं?

मग जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून फोनवर शिकवणीचे व्हिडिओ. एक बघितला की दुसरा, दुसरा बघितला की तिसरा, आमटी गार. तिला कळलं की सगळे आवाज बरोब्बर चौकोनात ठेवले तर बीट कवायत करते, नाचत नाही. स्नेअर केसभर मागे ओढायची. हॅटचा प्रत्येक ठोका वेगळ्या जोराचा ठेवायचा, माणसाचा हात कधी दमतो, कधी माजतो, तसा. किक आणि बेस, म्हणजे खालचा घुमणारा जाड सूर, एकाच जागेसाठी भांडतात, त्यातल्या एकाला जरा खाली बसवायचं. एवढं कळायला सहा महिने गेले. सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी मावशी भाजी चिरत होती आणि तिची सुरी आपोआप बीटवर पडायला लागली. मावशीला पत्ताच नाही. बारकीने मात्र ऐकलं, आणि त्या दिवशी जेवताना ताटात काय वाढलंय तेही तिला कळलं नाही.

आता स्टुडिओवाल्याची अट होती की नुसती बीट नको, आवाजासकट पूर्ण गाणं हवं. आणि बारकीचा आवाज म्हणजे काय सांगायचं, फोनवर लोक अजून विचारायचे, बाळा, घरी मोठं कोणी आहे का? म्हणून दोघांचं ठरलं. शब्द आणि आवाज दादाचा, बीट हिची, अर्जावर दोन नावं. दादाला चार लोक ऐकतील, हिला खुर्ची मिळेल. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

गाणी जिथे ऐकायची ती जागाही दाखवून झाली होती. एका डान्स क्लासची खोली, तिन्ही भिंतींना आरसे, आणि समोर उंच स्टुलावर एकच स्पीकर. कोणीतरी विचारलं, दुसरा कुठंय? स्टुडिओवाला म्हणाला, आहे, मुद्दाम काढून ठेवलाय. लोक फोनवर ऐकतात, दुकानाच्या कोपऱ्यातल्या डब्यावर ऐकतात, एका स्पीकरवर उभं राहत नाही ते गाणंच नाही. बारकीने हे वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं की आपल्याला वाटतं कळलं.

गाणं रेकॉर्ड झालं आणि दादा मागे लागला की आवाज मोठा कर. वाढवला. अजून मोठा. अजून वाढवला. म्हणाला, अगं तसा नाही, आभाळाएवढा कर. मग तिला एका व्हिडिओत युक्ती सापडली. आवाजाच्या दोन प्रती करायच्या, एक डाव्या कानात, एक उजव्या, आणि उजवीकडची एका बटणाने उलटी करायची, म्हणजे डावीची लाट वर जाते तिथे उजवीची खाली. केलं, आणि हेडफोनमध्ये दादाचा आवाज असा पसरला की आता भिंती मागे सरकतील. दादाने हेडफोन काढलाच नाही. सहा वेळा ऐकलं. सातव्यांदा मावशीच्या कानाला लावला, आणि मावशी म्हणाली, घरात ओरडतोस तेवढं पुरत नाही का?

हे झालं गुरुवारी. शुक्रवारी रात्री आठपर्यंत गाणं आणि अर्ज दोन्ही पाठवायचं होतं, रविवारी ऐकायचा कार्यक्रम.

शुक्रवारी दुपारी दुकानात मालक म्हणाला, काढ ते कानातलं, मला पण ऐकू दे तुझं काय चाललंय ते. तिने वायर काढली, फोन काउंटरवर ठेवला आणि गाणं लावलं. मालक मान हलवायला लागला. एक मिनिट झालं, मान हलतेच आहे.

"छान आहे," मालक म्हणाला. "पण तुझा भाऊ गातो म्हणाली होतीस ना? तो कधी येतो?"

बारकीने फोन उचलून कानाला लावला. किक होती, बेस होता, स्नेअर होती. दादा नव्हता. अगदी मागे, शेजारच्या घरात कोणीतरी बोलावं तसं, त्याच्या शब्दांचा उरलासुरला घुमारा तेवढा होता. मशीनसमोर जाऊन बसल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. एकाच दाराला दोघांनी दोन बाजूंनी सारखाच जोर लावला तर दार हलत नाही. दोन कानांना दोन वेगळ्या लाटा मिळतात तोवर ठीक, पण एका स्पीकरमधून दोन्ही बाहेर पडल्या की एक दुसरीला खाऊन टाकते. आणि फक्त दादाचाच आवाज उलटा केलेला, म्हणून फक्त दादाच गायब.

घाबरली वगैरे काही नाही ती. उलट खूश झाली, की वेळेत कळलं. जे बटण दाबलं तेच परत दाबायचं, बास. सहाला दुकानातून निघाली ती जवळजवळ पळतच मावशीकडे पोचली. दादा कॉम्प्युटरसमोरच होता. म्हणाला, आलीस का, अर्ज भरून झालाय, तू गाण्याची शेवटची फाइल काढ आणि पाठवून दे, मी आंघोळ करून येतो. आणि खांद्यावर टॉवेल टाकून आरशात स्वतःचे हातवारे बघत उभा राहिला.

ती बसली, माऊस हातात घेतला, बटणापाशी गेली. बाजूच्या खिडकीत अर्ज उघडा होता. शब्द, वणवा. आवाज, वणवा. बीट, वणवा.

तिने विचारलं, हे काय? दादा म्हणाला, अगं, दोन नावं दिसली की त्यांना वाटतं ही दोन अर्धी माणसं आहेत. मी एकदा आत शिरलो की तुला ओढून घेतो ना.

"खुर्ची बीटवाल्याला आहे, दादा."

"मग? तू बसणार त्या पोरांच्यात रोज जाऊन? तोंडातून आवाज तरी निघतो का तुझ्या?" आरशातूनच तो बोलत होता, चिडून नाही, अगदी लाडाने. "सहा महिने डबे-डबे खेळलीस, छान केलंस, पण तुला त्यातलं कळतं किती? आणि कॉम्प्युटर कोणाचा आहे?"

मग तो आंघोळीला गेला. बारकीचं बोट माऊसवर होतं. बाण बटणावर होता. तिने ते दाबलं नाही. फाइल होती तशी काढली, अर्जाला जोडली, पाठवली. बाथरूममधून दादाने विचारलं, गेलं का? ती म्हणाली, गेलं.

दोन दिवस तिला झोप लागली, भूक लागली, सगळं नीट. तिला वाटायचं आपल्याला काहीतरी व्हायला पाहिजे, पण काही झालं नाही. रविवारी दुपारी दादाने नवा शर्ट घातला आणि ती त्याच्या मागोमाग डान्स क्लासमध्ये जाऊन भिंतीला टेकून बसली. पंचवीस-तीस पोरं, आणि आरशांमुळे शंभर वाटणारी. स्टुडिओवाला एकेक गाणं लावायचा, अर्ध्यात थांबवायचा, दोन वाक्यं बोलायचा, पुढचं. माणूस वाईट नव्हता, पण तोंड गोड नव्हतं. एकाला म्हणाला, तुझी किक आजारी आहे, तिला घरी ठेव.

मग दादाचं नाव पुकारलं. दादा उठून पुढे गेला, हात मागे बांधून उभा राहिला, आणि बीट सुरू झाली. बारकीने ती कधी एवढ्या मोठ्याने ऐकलीच नव्हती. जमिनीतून तिच्या मांड्यांत किक येत होती. स्नेअर केसभर मागे, तिथेच, जिथे तिने ठेवली होती. चार ओळी झाल्या, आठ झाल्या, दादाचा आवाज यायची जागा आली आणि गेली. दादाने एकदा स्पीकरकडे बघितलं, एकदा मागे, मग त्याचे ओठ हलायला लागले, जणू कोणी आठवण करून दिली तर आवाज येईल. बारकी वाट बघत होती की आता लोक हसतील. कोणी हसलं नाही. स्टुडिओवाल्याने गाणं थांबवलंच नाही, शेवटपर्यंत वाजू दिलं, तेही आख्ख्या दुपारी पहिल्यांदाच.

"शब्द नाहीत यात," तो म्हणाला. "अट मोडलीस, पण बरं केलंस. दुपारपासून पहिला माणूस भेटला ज्याला गप्प बसता येतं. बीट तुझीच?"

दादा म्हणाला, "माझीच, सर. आवाज मुद्दामच नाही ठेवला. म्हटलं, बीटला बोलू द्यावं."

स्टुडिओवाल्याने मान हलवली, पण त्याच्या कानाला काहीतरी टोचत होतं, तो मागे उरलेला घुमारा. त्याने हेडफोन लावला आणि पुन्हा ऐकायला घेतलं. दहा सेकंद ऐकलं असेल. मग हेडफोन काढून दादाच्या डोक्यावर चढवला.

"मग हा कोण बोलतोय?"

आता लोक हसले. दादाच्या कानात त्याचाच आवाज, आभाळाएवढा, आणि समोर सगळे हसतायत. स्टुडिओवाल्याने विचारलं, बीट खरंच कोणाची? आणि बारकी उभी राहिली. म्हणाली, माझी. त्याला ऐकूच गेलं नाही, परत म्हणावं लागलं. त्याने विचारलं, स्नेअर किती मागे आहे? ती म्हणाली, पहिली अकरा, दुसरी चौदा. मिलिसेकंद. स्टुडिओवाल्याने शेजारची रिकामी खुर्ची पायाने थोडी बाहेर सरकवली. तिच्यासाठीच हो, सगळ्यांना दिसलं.

"आवाज उलटा केलास," तो म्हणाला. "एका स्पीकरवर जातो, हे माहीत नव्हतं ना? होतं असं. मीही केलंय."

एवढं सोपं होतं. मान हलवायची, नव्हतं माहीत म्हणायचं, जाऊन बसायचं. दादाही तिच्याकडे बघत होता, हेडफोन अजून डोक्यावर. पण सहा महिने, सहा महिने जो तो तिला, तुला कळतं किती, हेच विचारत आलेला, आणि आता आरशांतल्या शंभर तोंडांसमोर हा माणूस पुन्हा तेच म्हणत होता, प्रेमाने का होईना. तिला ते गिळवलं नाही.

"माहीत होतं," ती म्हणाली. "शुक्रवारपासून."

स्टुडिओवाल्याने दादाच्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला, नीट, दोन्ही हातांनी.

"कान आहेत तुला," तो म्हणाला. "पण माझ्याकडे लोक विश्वासाने आपला आवाज ठेवून घरी जातात, बाई." आणि पुढचं नाव पुकारलं.

परत येताना दोघं रस्त्याच्या एकाच बाजूने चालत होते, दादा दोन पावलं पुढे. बारकीने मनात चार-पाच वाक्यं तयार केली होती, अर्जाबद्दल, कॉम्प्युटरबद्दल, डोक्यावर ठेवलेल्या हाताबद्दल. तो भांडला असता तर तिने ती सगळी वापरली असती. तो भांडलाच नाही. मावशीच्या दाराशी आल्यावर किल्ली हातात धरून थांबला.

"माझ्याशिवाय चांगलं वाटत होतं का गं?"

खोटं बोलायला तिला पुरेसा वेळ होता. त्याने खरंच वाट बघितली.

"हो," बारकी म्हणाली.

दादाने मान हलवली, दार उघडलं, आत गेला आणि लावून घेतलं. आपटलं नाही. आतून मावशीने काहीतरी विचारलेलं तिला ऐकू आलं. तिच्या एकतीस बीट्स त्या दाराच्या आत होत्या. बाहेर फक्त ती होती, आणि सोमवारी सकाळी साडेनऊला दुकान.