गोड मिरचीचा ठसका

भाऊ निवृत्त झाले आणि वहिनींच्या स्वयंपाकघरात एक जास्तीचा माणूस आला.

इमारतीत सगळे या नवराबायकोला भाऊ-वहिनीच म्हणत. भाऊंची नोकरी दुकानांतले वजनकाटे तपासण्याची. ती संपल्यावर तपासायला काहीच उरलं नाही, तेव्हा एका शनिवारी ते शेतकऱ्यांच्या आठवडी बाजारात गेले आणि पिशवीभर ढोबळ्या मिरच्या घेऊन आले. लाल, पिवळ्या, एक तर अर्धी हिरवी, अर्धी नारिंगी.

"आत्ताच मोसम सुरू झालाय. शेतकरीणबाई म्हणाल्या, आचेवर भाजा, झाकून ठेवा, साल आपोआप सुटते."

"शेतकरीणबाई म्हणाल्या का! मग झालंच," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी मिरच्या भाजल्या, सोलल्या, मापात बसवल्यासारख्या पट्ट्या कापल्या, वर लसूण आणि तेल घातलं. त्या दिवशी लेक-जावई जेवायला होते. लेकीने पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले.

"बाबा! हे तुम्ही केलंत?"

जावयाने फोटो काढला. त्याच टेबलावर वहिनींनी केलेला भात होता, वाटाण्याचा रस्सा होता. पण भाताचा फोटो कोण काढतो?

नव्याचे नऊ दिवस, असं वहिनींनी मनाची समजूत घालत म्हटलं. मिरच्यांचा मोसम मात्र नऊ दिवसांचा नव्हता. पुढच्या शनिवारी मिरच्यांत भात भरला गेला, त्याच्या पुढच्या शनिवारी अंडी. शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राहायला लागली. "नशीबवान आहात हो, वहिनी!" नशीबवान वहिनी मग गॅसवरचे काळे डाग घासत आणि मोरीच्या जाळीत अडकलेल्या बिया वेचत. पिकतं तिथे विकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण आपल्याच ओट्यावर दुसऱ्याचं असं हातोहात विकलं जावं? सगळ्यात जास्त राग याचा, की मिरच्या खरोखरच चविष्ट होत होत्या. बिघडल्या असत्या तर वहिनींनी तोंड भरून कौतुक केलं असतं.

थंडी पडू लागली तसे भाऊ म्हणाले, "या शनिवारी शेवटचा माल येणार. लेक-जावयाबरोबर व्याह्यांनाही बोलावलंय."

व्याह्यांना! वहिनींनी त्यांना आजवर किती वेळा जेवू घातलं होतं. ते जेवत, हात धूत आणि पेपर उघडत.

शनिवारी भाऊ आंघोळीला गेले आणि वहिनी पिशव्या घेऊन बाहेर पडल्या. शेतकरीणबाई कोणी हसरी, गोड बोलणारी असेल असं त्यांनी धरलं होतं. ती निघाली पडशाने बेजार झालेली म्हातारी.

"किती देऊ?"

"सगळ्या."

"सगळ्या? घरात कार्य आहे का?"

"तसंच समजा."

पिशव्या शिलाई मशीनच्या मागे गेल्या. थोड्या वेळाने भाऊ बाजारातून हात हलवत परतले. "कोणीतरी बाई सगळा माल उचलून गेली म्हणे." त्यांचा चेहरा इतकासा झाला होता. वहिनींना बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. त्यांनी पदर खोचला आणि चार भाज्या रांधल्या.

पाहुणे आले, जेवायला बसले. व्याह्यांनी ताटावरून नजर फिरवली. "काय भाऊ, आज मिरच्या नाहीत? आम्ही त्याच आशेने आलो होतो!"

वहिनी उठल्या, पिशव्या आणल्या आणि ताटांच्या मधोमध रिकाम्या केल्या. दोन-तीन मिरच्या गडगडत व्याह्यांच्या मांडीवर गेल्या.

"अगं, तू आणल्यास?" भाऊंचा आवाज भरून आला. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही. तुम्हाला मिळू नयेत म्हणून."

व्याही हसले, मग कोणीच हसत नाही हे बघून थांबले.

"या टेबलावर मी उभा जन्म वाढतेय," वहिनी म्हणाल्या. "एकाने तरी डोळे मिटले?"

लेकीने मान खाली घातली. भाऊ एक मिरची हातात घेऊन नुसती फिरवत राहिले. मग म्हणाले, "तू बस. आज मी करतो, तुला वाढतो."

"आज नको. उद्यापासून करा. रोज. मिरच्या संपल्यावरसुद्धा."

"रोज?"

"रोज."

भाऊंनी शब्द पाळला. मिरच्या संपल्या, मग बटाटे झाले, दुधी झाला, कोबी झाला. शेजारणीची वाटी यायची थांबली. लेकीने फोनवर विचारलं, "आज काय केलंय बाबांनी?" "कोबी," वहिनींनी सांगितलं. "अच्छा," ती म्हणाली आणि तिने विषय बदलला. वहिनींना त्या रात्री छान झोप लागली.

एका संध्याकाळी भाऊ त्यांना वाढून तिथेच उभे राहिले, खांद्यावर ओलं फडकं. "कसा झालाय?"

वहिनींनी घास सावकाश चावला. कोबी करकरीत होता, मीठ नेमकं होतं. असा कोबी त्यांना स्वतःलाही कधी जमला नव्हता.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पुढचा घास घेतला.

भाऊ तेवढ्यावरच खूश झाले आणि गुणगुणत भांडी घासायला गेले. इतक्या थोडक्यात खूश होता येतं, याचाही वहिनींना हेवा वाटला.