भागोजीच्या कंपनीचं गाऱ्हाणं

भागोजी मुंबईत ज्या कंपनीत कामाला होता, तिने सत्याऐंशी साली मोटारगाड्या बंद करून पाण्याचे पंप काढले. पुढच्या शिमग्याला तो गावी आला आणि त्याने देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. आमच्याकडे गुरव देवापुढे मागणं मांडतो आणि सगळा गाव ‘होय महाराजा’ म्हणतो, तेव्हाच ते देवाला पोचतं.

रामा गुरवाने हात जोडले. “बा महाराजा, ह्याच्या कंपनीत परत गाड्या बनू देत.”

कोणीच बोलेना.

“आप्पा, तुम्ही तरी बोला,” भागोजी पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बागायतदाराला म्हणाला.

“काय बोलू? तुमच्याच पंपाने माझी कलमं जगली. गाडी आहे कुणाकडे गावात?”

माझ्याही विहिरीवर तोच पंप होता.

“मग तू पंप बनव की, मेल्या,” गुरव म्हणाला.

“मी अठरा वर्षं गाड्यांना दारं बसवली. पंपाला दार कुठे असतं? आता मला घरीच बसवणार.”

गुरवाने जरा विचार केला आणि पुन्हा हात जोडले. “बा महाराजा, पंपाला दार येऊ दे.”

“होय महाराजा,” सगळा गाव म्हणाला. सर्वांत मोठा आवाज भागोजीचा होता.